दोन वर्षांची पदविका आणि पुढचा हिशेब

बारावी विज्ञानानंतर सीईटीत मनासारखे गुण मिळाले नाहीत की, व्यवस्थापन कोट्यातून का होईना, पदवीच हवी, असा आग्रह अनेक व्यापारी घरांत धरला जातो. बायोडेटातील 'बी. ई.' ही दोन अक्षरे मुलाच्या कलापेक्षा मोलाची ठरतात. दुकानाचा माल घेताना पैपैचा भाव करणारी माणसे या व्यवहारात भाव विचारीत नाहीत, हे नवलच.

तंत्रनिकेतनातील पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. परंतु महाराष्ट्रात बारावी विज्ञान अथवा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास थेट द्वितीय वर्षास प्रवेश मिळू शकतो आणि दोन वर्षांत पदविका हाती येते. पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट खुली राहते. म्हणजे बारावीनंतर चारऐवजी पाच वर्षे. वर्ष एक जास्त खरे, पण मध्येच रोजगाराची पात्रता मिळते आणि थांबावे की शिकावे, हे मुलाला अनुभवाने ठरविता येते.

रोजगाराचे चित्र एकरंगी नाही. रेल्वे आणि कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ अभियंता भरतीस पदविका चालते; मात्र त्याच परीक्षेला पदवीधरही बसतात. संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवेला पदवी अनिवार्य, बँकेतील अधिकारीपदालाही तीच अट. खाजगी कारखान्यांत उत्पादन, देखभाल, गुणवत्ता तपासणी, बांधकामावरील देखरेख ही कामे मिळतात. आरंभीचे वेतन बेताचे असते आणि बढतीच्या वेळी पदवीधर पुढे सरकतो, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणूनच शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष महत्त्वाचे: विद्यावेतन मिळते, कारखान्याची शिस्त कळते, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते.

घरी विद्युत साहित्याचा व्यापार असेल तर आणखी एक शक्यता आहे. विद्युत शाखेच्या पदविकाधारकाला ठराविक अनुभवानंतर पर्यवेक्षकाचा परवाना मिळविता येतो आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला असा पर्यवेक्षक लागतोच. मालाच्या विक्रीला जोडणीच्या कामाची जोड मिळाली, तर मुलगा गल्ल्यावरही बसतो आणि अभियंताही राहतो.

प्रवेशापूर्वी पालकांनी संस्थेची मान्यता व तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता तपासावी, कार्यशाळेतील यंत्रे चालू आहेत का ते स्वतः पाहावे आणि गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या दोन-तीन मुलांना, आज ते कोठे व किती वेतनावर आहेत, हे विचारावे. माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे त्यानंतर पाहिली तरी चालतील.