रविवारचा तास कोणत्या भाषेचा?

चर्चमधील रविवारच्या उपासनांची फेरमांडणी हा वाङ्मयीन चर्चेचा विषय आहे, असे म्हटले तर काही वाचकांना नवल वाटेल. ही बाब सहसा व्यवस्थापनाची समजली जाते. सकाळी सातची मिस्सा कोणासाठी, साडेआठची कोणासाठी, कोणती गावे एका धर्मगुरूकडे जोडायची आणि कोणती तोडायची, असे तिचे स्वरूप असते. परंतु बहुभाषिक प्रदेशात ही वाटणी फार करून भाषेच्या पायावर होते. एका भाषेला सकाळचा भरला तास मिळतो, दुसरीला दुपारचा उरलासुरला, आणि तिसरीला वर्षातून एखाद्या सणाला एक गाणे. भाषेच्या प्रतिष्ठेचा इतका उघडा तक्ता विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही सापडत नाही. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

आमच्या डोळ्यांपुढे आहे ते गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड आणि ते ज्यात मोडते तो चांदा धर्मप्रांत. या धर्मप्रांताचा इतिहास भाषेच्या दृष्टीने विलक्षण आहे. ३१ मार्च १९६२ रोजी रोमने चांद्याचा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, त्यातील सीएमआय या धर्मसंघाकडे, सोपवला. १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. १९९९ मध्ये त्यातून आदिलाबाद वेगळे झाले. आता योगायोग पाहा. याच चर्चची उपासना शतकानुशतके सुरियानी भाषेत होत आली होती, आणि ती मल्याळममध्ये सुरू झाली ३ जुलै १९६२ रोजी. म्हणजे ज्या वर्षी केरळच्या भाविकाला त्याच्या घरच्या भाषेतली कुर्बाना प्रथम ऐकू आली, त्याच वर्षी ती कुर्बाना अशा मुलखाकडे निघाली जिथे सुरियानी कोणाला येत नव्हती आणि मल्याळमही येत नव्हती. तिथे तिला मराठीचे बोट धरावे लागले. ते तिने धरले, याबद्दल मराठीभाषकांनी कृतज्ञ असावे. पण जंगलाच्या आत, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटेच्या संगमापाशी, घरात बोलली जाते ती भाषा मराठी नाही. ती माडिया आहे, द्राविड कुळातली. तिथवर पोहोचलेली प्रार्थना सुरियानीतून मल्याळममध्ये, मल्याळममधून मराठीत आली, आणि शेवटच्या एका पायरीवर येऊन थांबली.

केरळात दरम्यान दुसरेच रण माजले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सिरो-मलबार धर्मसभेने एकसमान कुर्बानेचा निर्णय घेतला: पहिला भाग लोकांकडे तोंड करून, मुख्य भाग वेदीकडे तोंड करून, शेवट पुन्हा लोकांकडे. एर्नाकुलम-अंगमालीच्या धर्मप्रांतात त्यावरून वर्षानुवर्षे इतका विरोध झाला की अखेर ३ जुलै २०२५ पासून प्रत्येक चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी निदान एक कुर्बाना एकसमान पद्धतीची व्हावी, अशी तडजोड करावी लागली. एका तत्त्वाचा वाद शेवटी वेळापत्रकाने मिटवला, किंबहुना पुढे ढकलला. धर्मगुरूने तोंड कोणाकडे करावे हा प्रश्न क्षुद्र नाही, त्यामागे उपासनेच्या अर्थाचा विचार आहे. तरीही भामरागडच्या बाजूने पाहणाऱ्याला एक विचारावेसे वाटते. धर्मगुरू लोकांकडे वळला, पण त्याचे शब्द वळले नाहीत, तर त्या वळण्याने काय साधले?

मराठीने हा प्रश्न स्वतःच्या वाट्याला आलेला पाहिला आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासाची काही उत्तम पाने त्यातून निघाली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य ग्रंथालयात ठेवण्यासाठी लिहिलेले नव्हते. ते रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवले जाई. मिस्सा लॅटिनमध्ये होई, ती कोणाला कळत नसे. पुराण मात्र कळे. आपण ज्याला आज अभिजात ग्रंथ म्हणून नेमतो, तो मुळात रविवारच्या वेळापत्रकातला एक तास होता. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. भाषा त्याने मेली नाही, पण ग्रंथाच्या सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. तो वाचला तो हस्तलिखितांतून.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते ख्रिस्ती झाले १८९५ मध्ये. त्या काळच्या मराठी मंडळ्यांतून इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, आघात परके, अर्थ अधांतरी. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले, आणि मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे रविवार बदलले. मंडळ्यांच्या हाती असणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आमच्या मराठीच्या वर्गांतून टिळक शिकवले जातात ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून. एका समाजाचा रविवार बदलणारे कवी म्हणून कोणी शिकवत नाही. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मंडळीची याहून धीट फेररचना महाराष्ट्रात दुसरी झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले. तिकडे केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणत होत्या. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला पेलत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. रमाबाईंचा आक्षेप मराठीतल्या मराठीबद्दल होता. माडिया बोलणारी बाई त्या मराठीच्याही पलीकडे बसलेली आहे.

वसईकडे वळले की चित्र आणखी गुंतते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना उपासनेची दारे उघडली, आणि वसईत लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी मिस्सा आली. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. मराठी ख्रिस्ती साहित्याला या भागाने जे दिले ते येथे सांगण्याची गरज नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, एवढे स्मरण पुरे. परंतु वसईच्या कुपारी घरात जी बोलतात ती सामवेदी, म्हणजे कादोडी. चर्चमध्ये प्रमाण मराठी, अंगणात कादोडी. लॅटिनला हटवून आलेली लोकभाषा ही नेहमी त्याच लोकांची असते असे नाही. पुष्कळदा ती शाळेची असते. वसईत हे अंतर एका भाषेच्या दोन रूपांमधले आहे, म्हणून ते निभते. भामरागडात ते दोन भाषाकुळांमधले आहे.

आता तासांच्या वाटणीबद्दल. तिचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके समजत नाही. मुंबईच्या उपनगरात तमिळ वा कोकणी मिस्सेचा एक तास म्हणजे आठवडाभर परक्या भाषेत राबणाऱ्या माणसाचा विसावा असतो. १९८८ मध्ये कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला तो मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेल्या केरळीय कुटुंबांसाठी. त्यांना आपली परंपरा हवी होती आणि ती मिळाली हे न्याय्यच झाले. पण वाटणीची दुसरी बाजूही आहे. एकाच इमारतीत तीन मंडळ्या तीन वेळांना येतात आणि एकमेकींना फाटकात भेटतात, एक निघताना, दुसरी शिरताना. बंगळुरूत कन्नड आणि तमिळ उपासनांचा वाद फाटकाबाहेर रस्त्यावरही आला. शहरात निदान संख्येचे बळ असते. भामरागडसारख्या ठिकाणी मुळातच थोडी माणसे. शासकीय नोकरीनिमित्त आलेली मराठीभाषक कुटुंबे, दक्षिणेतून आलेल्या धर्मभगिनी आणि परिचारिका, आणि आजूबाजूच्या पाड्यांतले माडिया. यांची भाषेनुसार वाटणी केली तर प्रत्येक तासाला बाक रिकामे दिसतील, आणि सर्वांत रिकामा तास माडियाचा असेल. मग सहा महिन्यांनी प्रतिसाद नाही म्हणून तो बंद होईल. बंद करणाऱ्याला वाईटही वाटणार नाही, कारण आकडे त्याच्या बाजूचे असतील.

यावर एक आक्षेप असा, की माडिया पालकांनाच मराठी हवी असते. आम्हांस हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. मराठी ही तहसिलीची, दवाखान्याची, ठाण्याची, नोकरीची भाषा. मूल ती रविवारीही ऐकेल तर बरेच, असे ज्या बापाला वाटते त्याला आम्ही शहरात बसून भाषाप्रेमाचे धडे देणे उद्धटपणाचे होईल. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात, १९७३ पासून, बाहेरून आलेल्यांना आधी माडिया शिकावी लागली, तेव्हा कुठे रुग्ण बोलू लागले. आणि त्याच प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र निवड नेहमी पालकांची असते असेही नाही. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा मान्यता नसल्याचे कारण पुढे करून शिक्षण खात्याने तिला हरकत घेतली. इंग्रजीपुढे मराठी शाळा ओस पडतात म्हणून अग्रलेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी या हरकतीची भाषा कोणती होती ते आठवावे. ती मराठी होती.

शिवाय रविवार म्हणजे शाळा नव्हे. शाळेत माणूस पुढे जाण्यासाठी बसतो. उपासनेत तो मेलेल्या आईसाठी, आजारी मुलासाठी, स्वतःच्या चुकीसाठी बोलतो. ही बोलणी उसन्या भाषेत होत नाहीत, झाली तर पाठ केल्यासारखी होतात.

आणि यात केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. भामरागड छत्तीसगडच्या सीमेवर आहे. तिकडे बस्तरमध्ये एका ख्रिस्ती कुटुंबातील वडिलांचे दफन गावात व्हावे की नाही, हा वाद जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि दफन गावाबाहेर, दूर, ख्रिस्त्यांसाठी राखलेल्या जागी करण्याचा आदेश झाला. गाव आणि धर्मांतरित यांच्यातील तेढीची कारणे अनेक आहेत, राजकीयही आहेत, आणि त्यांचा निवाडा येथे करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढे मात्र दिसते, की ज्याने देव बदलला त्याच्याजवळ गावाशी जोडणारा जो धागा उरतो तो भाषेचा. त्याची प्रार्थनाही परभाषेत गेली, त्याची गाणी रेल्याच्या ठेक्यावरून ऑर्गनच्या सुरावर गेली, तर तो शेजाऱ्याला खरोखरच परका वाटू लागतो. चर्चने हे स्वतः होऊन घडवू नये.

म्हणून आमचा कौल तासांच्या वाटणीला नाही. एकच उपासना असावी, आणि तिच्यात माडियाची जागा पाहुणी म्हणून नसावी. शुभवर्तमानाचे वाचन माडियात व्हावे, मराठीत पुन्हा व्हावे. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत मोठ्याने म्हणाव्यात. प्रवचन छोटे करावे (मराठी प्रवचनांना याची गरज तशीही आहे). यात गोंधळ होईल, वेळ लागेल. तथापि उत्तर भारतातील चर्चने २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र आणताना याहून अवघड गाठ सोडवली होती. बालकाचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे, दोघांनाही त्याने एका मंडळीत ठेवले, एकाला सकाळ आणि दुसऱ्याला संध्याकाळ दिली नाही. नागपूर भामरागडपासून फार लांब नाही.

लिपीचा प्रश्न काढून हे काम लांबवता येईल, आणि तो काढला जाईलच. देवनागरी घ्यावी, की १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी रचलेली लिपी, की आदिलाबादच्या गुंजाळा गावातील हस्तलिखितांत सापडलेली? पण स्टीफन्सांचे पुराण परक्या लिपीत छापले गेले आणि ऐकणाऱ्यांचे त्यावाचून काही अडले नाही. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने जमवलेले लिंगोचे गोंडी गीत त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. गाणाऱ्यांना ते त्याआधी कित्येक पिढ्या पाठ होते. अडचण शब्दांची आहे, आणि ती अधिक रंजक आहे. प्रभूच्या प्रार्थनेत मराठी भाषांतरकारांनी ब्रेडची भाकर केली. ती दख्खनची ज्वारीची भाकर, गव्हाच्या पावाला दिलेले देशी रूप, आणि तेव्हा ते फार धाडसाचे असणार. भामरागडच्या पाड्यात रोज ज्वारीही शिजत नाही, गहूही नाही. भात असतो, आंबील असते. तिथे देवाकडे रोजचे काय मागायचे, हे ठरवायला कोणत्या भाषांतर समितीपेक्षा ते शिजवणारी बाई अधिक योग्य आहे. तिला अद्याप कोणी विचारलेले नसेल, तर येत्या रविवारी विचारता येईल.