भूमी शस्त्र!

पालकहो, २ ऑगस्टचा मुक्तिदिन जवळ आला की मैदानावर संचलनाचा सराव सुरू होतो. अशाच एका सकाळी एका आईने मला विचारले, "सर, पोरीच्या हातात रायफल कशाला देता? वही-पेन पुरे नाही का?" प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नये.

एनसीसीच्या कवायतीतले हुकूम हिंदीत असले तरी आपल्याला परके नाहीत. 'सावधान'मध्ये रायफलचा दस्ता उजव्या पायाशी टेकलेला असतो. 'सलामी शस्त्र' म्हटले की ती शरीरासमोर सरळ उभी येते, 'बाजू शस्त्र'ला पुन्हा पायाशी. निरीक्षणाच्या वेळी 'जाँच शस्त्र' होते. बोल्ट उघडून आत गोळी नाही याची खात्री करून घेतात. 'भूमी शस्त्र'ला रायफल जमिनीवर ठेवायची आणि 'उठाओ शस्त्र' ऐकल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

यात गोळी झाडण्याचा हुकूम कुठे आहे? नेमबाजीचा धडा वेगळा, तो चांदमारीच्या जागी. कवायत शिकवते ते शस्त्र सांभाळायला, तपासायला आणि खाली ठेवायला. हुकुमाचेही दोन भाग असतात. पहिला लांबवलेला इशारा, दुसरा झटक्याचा. मधल्या क्षणी कुणीही आपल्या मनाने हलायचे नाही. आजच्या उतावीळ दिवसांत हे थांबणे लहान नव्हे.

१९५४ साली २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या सशस्त्र लढ्यात संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. काम झाल्यावर एक पुन्हा सुरांकडे गेले, दुसरे इतिहासाकडे. वेळ आली तेव्हा पुढे होणे आणि ती सरली की शस्त्र खाली ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या.

आम्हा शिक्षकांचेही चुकते. पाहुण्यांसमोर सलामी झोकात व्हावी म्हणून तीच पन्नासदा घोटतो. 'जाँच' आणि 'भूमी' घाईत उरकतो. माझे मत असे की हे दोन हुकूम आधी शिकवावेत, अर्थासह शिकवावेत, आणि मुलामुलींना सारखेच शिकवावेत.

त्या आईला मी एवढेच म्हणालो, "ताई, एकदा सरावाला या. लेक रायफल उचलते कशी ते पाहाच, पण ठेवते कशी तेही पाहा."