संगणकातील टिपणवही उद्या कोण वाचणार?

प्रतिनिधी, ठाणे

नवे सॉफ्टवेअर कसे बसवले, परीक्षेसाठी कोणता भाग राहिला, कचेरी गाठायला किती वेळ लागला, सुट्टीत कोणता किल्ला चढला, कॅमेऱ्याची कोणती भिंग घेतली, अशा नोंदी रोजच्या रोज संगणकात करून ठेवणारा एक वर्ग गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राच्या शहरांत तयार झाला. ठाणे पूर्वेच्या कोपरीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात त्याची वस्ती दाट आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण, ऐरोली-महापे किंवा मुंबईतील नोकरी, दिवसाचे दोन-तीन तास लोकलमध्ये आणि उरलेल्या वेळात संगणकाचे वेड, असे त्याचे सर्वसाधारण आयुष्य. त्याच्या नोंदींना साहित्य म्हणता येणार नाही, आणि तसा दावा तो करीतही नाही. पण या भागाचा गेल्या पाव शतकाचा इतिहास उद्या कोणी लिहू लागले, तर रोजच्या जगण्याचा तपशील त्याला याच नोंदींत सापडेल. प्रश्न एवढाच आहे की, तोपर्यंत त्या वाचता येतील काय?

किरकोळ नोंदींचे मोल

कोपरीचेच उदाहरण घेतले तर या नोंदींचे मोल ध्यानात येते. पूर्व द्रुतगती महामार्गावरील कोपरीचा रेल्वे पूल वर्षानुवर्षे वाहनचालकांची परीक्षा पाहत असे. महामार्ग रुंद आणि पूल अरुंद, त्यामुळे ठाण्यातून मुंबईकडे निघालेली वाहने येथे अडत. पुलाच्या रुंदीकरणाचे काम २०२३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पुढचा आनंदनगरचा टोलनाका हलक्या वाहनांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मोफत झाला. त्याआधी, २००४ मध्ये, ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्याने नवी मुंबईतील नोकरीचा प्रवास बदलला होता. या घटनांच्या तारखा सरकारी कागदपत्रांत राहतीलच. मात्र पूल अरुंद असताना सकाळी किती वाजता घर सोडावे लागे, महिन्याकाठी टोलवर किती खर्च होई, वाशीची लोकल आल्यावर संध्याकाळच्या शिकवणीला वेळ मिळू लागला की नाही, हे सरकारी कागद सांगत नाहीत. ते एखाद्याच्या खर्चाच्या तक्त्यात किंवा दैनंदिनीतच असते.

छंदाच्या नोंदींचेही तसेच आहे. १९२५ पासून मुंबईत विजेवर धावणाऱ्या लोकल १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर चालत. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ठाणे ते छत्रपती शिवाजी टर्मिनस या शेवटच्या टप्प्याचे २५ हजार व्होल्टच्या एसी प्रवाहात रूपांतर जून २०१५ मध्ये झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील बदलाने मुंबईतील डीसीचे पर्व संपले. जुन्या गाड्यांची छायाचित्रे, त्यांच्या मोटारींचे आवाज, डब्यांचे क्रमांक हे सारे रेल्वेवेड्यांनी हौसेने टिपून ठेवले. गाडी मोडीत निघाल्यावर पुष्कळदा तेवढाच पुरावा उरतो.

अशा हौसेतून लोकोपयोगी वस्तूही जन्माला येते. लोकलचे वेळापत्रक साध्या जावा फोनवर पाहता यावे, या गरजेतून सचिन टेके यांनी २०१० मध्ये 'एम-इंडिकेटर' आणले आणि थोड्याच काळात ते मुंबईकरांच्या खिशात जाऊन बसले. प्रवाशाची अडचण, वेळापत्रकाचे टिपण आणि प्रोग्रॅम लिहिण्याची आवड या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

सामान्य माणसाची टिपणे पुढे इतिहास ठरतात, याचा मराठीला जुना अनुभव आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेल्या उत्तरेच्या प्रवासाची हकिकत पुढे लिहून काढली आणि ती 'माझा प्रवास' म्हणून १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखन आणि प्रकाशन यांमध्ये वीसहून अधिक वर्षे गेली. ती कागदाने सहज निभावून नेली. आजच्या संगणकातील नोंद वीस वर्षे पडून राहिली तर तिचे काय होते?

जो पुढे, तोच आधी हरतो

उत्तर उत्साहवर्धक नाही. तंत्रज्ञानप्रेमी नवी वस्तू सर्वांआधी हाती घेतो, आणि म्हणूनच तिच्याबरोबर बुडण्याचा धोकाही त्यालाच सर्वाधिक. वहीत लिहिणाऱ्या शेजाऱ्याचे टिपण कपाटात सुखरूप राहते. याचे मात्र दर पाच-सात वर्षांनी नव्या घरात हलवावे लागते. एकदा हलवायचे राहिले की संपले.

साधनांचा इतिहास पाहावा. २००० च्या आसपास टिपणे १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ठेवली जात. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली आणि आज फ्लॉपी वाचणारा संगणक शोधावा लागतो. तिच्यानंतर आलेल्या घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर काळाबरोबर बिघडतो. आपल्याकडील दमट हवेत आणि उन्हाळ्यात तो टिकेलच, याची खात्री देता येत नाही.

सेवांची कथा याहून वेगळी नाही. वैयक्तिक पाने फुकट मांडू देणारे याहूचे 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. टिपणे ठेवण्यासाठीच काढलेले 'गूगल नोटबुक' २००६ मध्ये आले आणि २०१२ मध्ये गेले. एका पिढीच्या कॉलेजजीवनाचा साक्षीदार असलेले 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबले. छायाचित्रांसाठी लोकप्रिय असलेल्या 'पिकासा'ला २०१६ मध्ये निरोप मिळाला. यांतील काही सेवांनी मजकूर उतरवून घेण्याची मुदत दिली, काहींनी तो दुसऱ्या सेवेत हलवला. पण ज्याचा पासवर्ड हरवला होता किंवा जो त्या काळात परदेशी नोकरीत गुंतला होता, त्याला ती सूचना पोहोचली असेलच असे नाही.

इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये 'डिजिटल अंधारयुगा'चा इशारा दिला होता. ज्या छायाचित्रांची खरोखर काळजी वाटते ती कागदावर छापून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. आयुष्य संगणकांच्या जाळ्याला वाहिलेल्या माणसाने असे सांगावे, यातच परिस्थितीचे गांभीर्य दिसते.

मराठी टिपणांवर दुहेरी कुलूप

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण दुहेरी आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे देशी प्रमाणही मानक म्हणून आले. परंतु घरोघरच्या संगणकांपर्यंत हे प्रमाण पोहोचायला बराच काळ लागला. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या 'मंगल' या टंकासह देवनागरीची सोय आली. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ती आपोआप सुरू होत नसे. मूळ सीडी घालून ती वेगळी बसवावी लागे. ज्याच्याकडे सीडी नाही, त्याच्या पडद्यावर मराठीऐवजी चौकोन दिसत.

त्यामुळे मधली अनेक वर्षे मराठी मजकूर 'श्रीलिपी', 'आकृती' किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम' अशा सॉफ्टवेअरांच्या टंकांत लिहिला गेला. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. टंक संगणकावर असेल तोवर मजकूर मराठी. टंक नसेल तर त्याच धारिकेत निरर्थक रोमन अक्षरांची रांग. वर्तमानपत्रांच्या त्या काळातील इंटरनेट आवृत्त्यांनाही याच अडचणीतून वाट काढावी लागली. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या मजकुराला आणखी एक कुलूप आहे. पेजमेकरची निर्मिती थांबली आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरच्या जुन्या धारिका उघडत नाहीत.

मराठीला हा प्रकार अगदीच नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. चक्रधरस्वामींच्या रोजच्या वागण्या-बोलण्याच्या आठवणींतून म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ. तोही पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके दुर्लभ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी हे दालन खुले झाले. तेथे लिपी जाणून लपवली होती. येथे ती सोयीपोटी लपली गेली. परिणाम मात्र सारखाच आहे.

दिलासा असा की टंकाचे कुलूप उघडणे तुलनेने सोपे आहे. मूळ टंकाचे नाव ठाऊक असेल तर त्यातील प्रत्येक चिन्हाच्या जागी युनिकोडचे अक्षर बसवणारी परिवर्तके आज उपलब्ध आहेत. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि काही जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात, पण मजकूर परत मिळतो. अट एकच, मूळ धारिका जिवंत असली पाहिजे. जुना संगणक रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.

वारशाचा पेच

दुसरा पेच कायद्याचा आहे. कपाटातील वही वारसाच्या हाती आपोआप येते. खात्यातील टिपण येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला लागू होत नाही. म्हणजे संगणकात लिहून ठेवलेली इच्छा मृत्युपत्र ठरत नाही. त्यासाठी कागद, सही आणि दोन साक्षीदार लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद केली. तिचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये खातेदाराच्या पश्चात त्याचा मजकूर आप्तांना देण्याची सोय केली आहे. पण ती खातेदाराने हयातीतच भरून ठेवावी लागते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. घरातील कर्ता पुरुष अचानक गेल्यावर बँक आणि विम्याच्या कागदांत गुंतलेल्या कुटुंबाला या मुदतीची आठवण राहणे कठीण असते.

ग्रंथालयांनी पुढे यावे

व्यक्तीने करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. टिपण साध्या मजकुराच्या धारिकेत, युनिकोडमध्ये ठेवावे; एखाद्याच कंपनीचे सॉफ्टवेअर उघडू शकेल अशा स्वरूपात ठेवू नये. प्रती तीन असाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत एकदा त्या उघडून पाहाव्यात. महत्त्वाचे ते छापून घ्यावे. परिसराची छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या भांडारात दिली, तर ती एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीत.

परंतु एकट्या व्यक्तीच्या शिस्तीवर एका शहराची स्मृती सोपवता येणार नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर मुंबईसह अन्य तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. हा कायदा छापील मजकुरापुरता आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून डिजिटल प्रकाशने जपण्याची जबाबदारी आपल्या प्रमुख ग्रंथालयांवर टाकली. अमेरिकेत १९९६ पासून 'इंटरनेट अर्काइव्ह' ही ना-नफा संस्था हे काम करते. मराठीतील जुन्या पानांचा बराचसा उरलेला ठेवाही आज त्या परदेशी संस्थेच्या कृपेवर आहे.

ठाण्याला या बाबतीत परंपरा आहे. येथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मराठी ग्रंथ कोणीतरी एकत्र केले नाहीत तर ते नष्ट होतील, ही जाणीव त्यामागे होती. त्याच जाणिवेने शहरातील ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि महापालिकेने नागरिकांच्या डिजिटल टिपणांचा स्वीकार करण्याची व्यवस्था उभारली, तर खर्च फारसा येणार नाही. जुनी फ्लॉपी आणि सीडी वाचणारा एक संगणक, टंक-परिवर्तनाची माहिती असलेला एक सेवक आणि कोणती नोंद किती वर्षांनी खुली करावी हे देणाऱ्याने लिहून द्यायचा एक अर्ज, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. हा अर्ज आवश्यकच आहे. दैनंदिनीत इतरांची नावे, आजार, पगार, भांडणे असतात, आणि भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे लेखनाचा स्वामित्वहक्क चालतो. खासगीपणाची ही काळजी घेतली नाही, तर कोणी आपली टिपणे देणार नाही आणि न देणाऱ्याला दोषही देता येणार नाही.

कोपरीचा अरुंद पूल आता राहिला नाही, डीसीवरची लोकल गेली, फ्लॉपी गेली. त्यांच्यासोबत दिवस काढलेली पहिली संगणकप्रेमी पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. तिच्या नोंदी अजून कपाटांत, जुन्या हार्ड डिस्कमध्ये आणि विसरलेल्या खात्यांत पडून आहेत. त्या मिळवायच्या असतील तर टंकाचे नाव आणि पासवर्ड सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवरच हालचाल करावी लागेल.