विश्लेषण : उचललेला पिकअप पुन्हा खाली का आणावा लागतो? ‘सॉलिड एक्सल स्वॅप’चे गणित काय?

अमेरिकेत पिकअप ट्रक उंच करून घेण्याची हौस जुनी आहे. त्यातला सर्वांत खर्चिक आणि कष्टाचा प्रकार म्हणजे पुढचा संपूर्ण एक्सल बदलणे. एवढे काम केल्यावर अनेक मालकांवर गाडी काही इंच खाली आणण्याची वेळ येते. दुसरीकडे, काही राज्यांनी गाड्यांच्या उंचीबाबतचे कायदे कडक केले आहेत. उंची वाढली म्हणजे गाडीची ताकद वाढली, हा समज कितपत खरा?

सॉलिड एक्सल स्वॅप म्हणजे काय?

आजच्या बहुतेक पिकअपना पुढे ‘इंडिपेंडंट’ सस्पेन्शन असते. दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात आणि डिफरन्शियल चेसिसला बोल्ट केलेले असते. सॉलिड एक्सलमध्ये दोन्ही चाके एकाच जाड, आडव्या हाउसिंगने जोडलेली असतात आणि डिफरन्शियल त्या हाउसिंगच्या पोटात असते. इंडिपेंडंट व्यवस्था काढून सॉलिड एक्सल बसवणे म्हणजे ‘स्वॅप’.

याचे नेहमीचे उदाहरण टोयोटाचे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपना १९८५च्या मॉडेलपर्यंत पुढे सॉलिड एक्सल होता. १९८६पासून इंडिपेंडंट सस्पेन्शन आले. रस्त्यावरचा प्रवास सुखाचा झाला, पण दगड-खडकांतून गाडी नेणाऱ्यांना जुनीच व्यवस्था हवी होती. एक चाक वर गेले की दुसरे खाली ढकलले जाते आणि दोन्ही टायर जमिनीला धरून राहतात, शिवाय हाउसिंग दणकट असते. त्यामुळे नव्या गाडीखाली जुना एक्सल बसवण्याची पद्धत रूढ झाली.

एक्सल बदलला की गाडी उंच का होते?

सॉलिड एक्सल अख्खा वर-खाली होतो. खड्ड्यात चाक आपटले की डिफरन्शियलचा गोळाही वर येतो आणि त्याच्या डोक्यावर इंजिनचे ऑइल पॅन असते. इंडिपेंडंट सस्पेन्शनसाठी आखलेल्या चेसिसमध्ये या हालचालीसाठी जागाच सोडलेली नसते. ती मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे चेसिस उचलणे. म्हणून जास्त कमान असलेले पाटे किंवा लांब कॉइल स्प्रिंग टाकतात आणि गाडी चार-सहा इंच वर जाते. थोडक्यात, ही उंची बऱ्याचदा कामाच्या सोयीची असते, गरजेची नसते.

उंचीमुळे ग्राउंड क्लिअरन्स वाढतो का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. सॉलिड एक्सल असलेल्या गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो एक्सलवर असतो, चेसिसवर नाही. स्प्रिंग बदलून चेसिस सहा इंच उचलली तरी गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. त्याची उंची ठरते फक्त टायरवरून. ३१ इंची टायर काढून ३५ इंची लावले तर व्यास चार इंचांनी वाढतो आणि गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे दोन इंच वर जातो.

चेसिस उचलल्याचा फायदा दोनच गोष्टींत होतो. मोठ्या टायरना फेंडरखाली जागा मिळते आणि चढ-उताराच्या टोकावर गाडीचे पोट घासत नाही. टायरसाठी फेंडर कापून जागा करता येत असेल, तर गाडी दोन-तीन इंच खाली आणूनही गोळ्याखालचा क्लिअरन्स जराही कमी होत नाही.

मग उंचीची किंमत काय?

पहिली किंमत उलटण्याच्या धोक्याची. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था ‘एनएचटीएसए’ यासाठी एक साधे गुणोत्तर वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. संस्थेच्या मते साध्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो, तर पिकअप आणि एसयूव्हींचा १ ते १.३.

समजा, एका पिकअपची रुंदी १६० सेंमी आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर आहे. गुणोत्तर येते १.१४. उचलल्यानंतर गुरुत्वमध्य ८२ सेंमीवर गेला, तर ते ०.९८ होते. गाडी खाली आणून तो ७६वर आणला की पुन्हा १.०५. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण काही सेंमींनी किती फरक पडतो ते यातून दिसते.

दुसरी किंमत इतरांना मोजावी लागते. अमेरिकेतील ‘आयआयएचएस’ या संस्थेने २०२३मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांमुळे पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. तो अभ्यास मूळ कारखान्यातून आलेल्या उंचीबद्दल होता. उचललेला पिकअप त्यात आणखी भर घालतो.

गाडी खाली कशी आणतात?

पाटे असतील तर जास्त कमानीच्या जागी सपाट पाटे टाकणे हा सरळ मार्ग. एखादा पाटा काढूनही गाडी खाली येते, पण भार पेलण्याची क्षमता घटते आणि ब्रेक दाबताना एक्सल पिळला जातो. शॅकल आखूड करता येते. शॅकल दोन इंचांनी कमी केले तर गाडी साधारण एक इंच उतरते. मागे एक्सल आणि पाट्यांमध्ये ब्लॉक असेल तर तो काढता येतो. कॉइल असेल तर आखूड कॉइल लागते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. शॅकल बदलले की एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन बदलतो. कॅस्टर कमी झाला तर स्टिअरिंग सरळ राहत नाही, वेगात थरथरते. कॅस्टर वाढवायला जावे तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट वाकड्या कोनात येतो. कॉइलच्या गाडीत एक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार असतो. तो आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक समांतर नसतील तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप बाजूला ओढते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही आखूड लागतात, नाहीतर सगळा दणका त्यांच्यावरच येतो.

किती खाली आणणे सुरक्षित?

याचे उत्तर ऑइल पॅन देते. जाणकार मेकॅनिक स्प्रिंग काढतो आणि जॅकने एक्सल वर नेत जातो. आधी सरळ, मग एकच बाजू वर करून, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून. गोळा, टायर किंवा स्टिअरिंगचा दांडा कशाला लागण्याआधीच एक्सल थांबेल, अशा बेताने बंप स्टॉप बसवतात. बंप स्टॉपपर्यंत पुरेशी हालचाल उरत नसेल, तर गाडी गरजेपेक्षा जास्त उतरली असे समजावे.

कायदे काय सांगतात?

पुढचा भाग उंच आणि मागचा खाली ठेवण्याची ‘कॅरोलिना स्क्वॉट’ ही फॅशन तिथे सर्वाधिक वादग्रस्त ठरली. चालकाला समोरचे दिसत नाही आणि हेडलाइट आकाशाकडे जातात. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर २०२१पासून, व्हर्जिनियाने २०२२मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने नोव्हेंबर २०२३पासून त्यावर बंदी घातली. पुढचा भाग मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असणे हा तिथे गुन्हा आहे. साउथ कॅरोलिनात पहिला दंड १०० डॉलर, तर तिसऱ्या वेळी परवाना वर्षभर निलंबित होतो. म्हणजे फक्त मागची बाजू उतरवून भागत नाही, पुढची आणि मागची उंची जुळवावी लागते.

भारतात हे करता येते का?

वाहनाची मूळ रचना बदलण्यावर भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चे बंधन आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे २०२२पासून इथे मिळणाऱ्या हायलक्सखाली सॉलिड एक्सल बसवण्याचा विचार महागात पडेल. ज्यांना तो हवाच आहे, त्यांच्यासाठी पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाणारी जीप रँग्लर आणि मारुतीची जिम्नी या गाड्या पुढे-मागे सॉलिड एक्सल घेऊनच कारखान्याबाहेर पडतात. तिथे जागा, कोन आणि उंची यांचा हिशेब आधीच केलेला असतो.

अमेरिकेत जुना, उचललेला पिकअप घेणाऱ्या मराठी वाचकांनी तरी गाडीची उंची पाहून भुलू नये. खाली वाकून बंप स्टॉप, ट्रॅक बार आणि वेल्डिंग पाहावे आणि वेग वाढवल्यावर स्टिअरिंग थरथरते का, हे चालवून तपासावे.