कपलर गळत असेल तर लोडर चालवू नका, आणि बदलायचा तर जोडीनेच बदला



आगोटीची कामं अंगावर आली की लोडरला सगळीकडून मागणी येते. सड्यावर कलमांसाठी खड्डे काढायचे, बाहेरून आणलेली माती त्यात भरायची, गडग्याचे दगड हलवायचे, आणि हे सगळं मृगाच्या आधी. या धावपळीत एक प्रश्न हमखास येतो: "कपलरमधून थोडं ऑइल गळतंय, चार दिवस निघतील का?"

माझं मत असं. एक, गळत्या कपलरवर मशीन चालवू नका. दोन, कपलर बदलायचा तर मेल आणि फिमेल दोन्ही एकदम बदला. तीन, झिजलेल्या कपलरचा खर्च शेवटच्या भाडेकऱ्याच्या माथी मारू नये. तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत नाही, म्हणून तो शेवटी सविस्तर लिहिला आहे.

*हा कपलर म्हणजे नेमकं काय?*

रबरी पट्ट्यांवर चालणारा छोटा ट्रॅक लोडर असो की टायरवाला (ज्याला आपल्याकडे सरसकट बॉबकॅट म्हणतात), पुढे ब्रेकर, ऑगर किंवा ग्रॅब लावताना दोन-तीन होज पाईप खटकन जोडतो ना, तो जोड म्हणजे क्विक कपलर. ट्रॅक्टरच्या मागे डंपिंग ट्रॉलीचा पाईप लावतो तोही याच जातीचा. म्हणजे ज्यांच्याकडे फक्त ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनाही खालचं सगळं लागू आहे.

या जोडातून जाणाऱ्या ऑइलचं प्रेशर साधारण २०० बार असतं. गाडीच्या टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो. त्याच्या ८० ते ९० पट जोर तुमच्या हाताएवढ्या त्या जोडावर असतो.

*कोकणात कपलर लवकर का जातो?*

पहिलं कारण जांभ्याची धूळ. कातळावर ब्रेकर चालला की लाल भुकटी सगळीकडे बसते. टोपण न लावलेल्या कपलरच्या तोंडात ती जाते, आणि जोडताना आपण ती ऑइलमध्ये ढकलतो. आतली रबरी सील त्या भुकटीने कापली जाते.

दुसरं कारण ब्रेकरचा हादरा. कपलर आत पोलादी गोळ्यांनी अडकून राहतो. सततच्या हादऱ्याने त्या गोळ्या मेल भागाच्या खाचेवर ठोकत राहतात आणि तिथे खड्डे पडतात. मग जोड ढिला बसतो, हलतो, आणि गळायला लागतो.

तिसरं कारण खारा वारा. गुहागर, दापोली, गणपतीपुळे पट्ट्यातल्या सभासदांना हे सांगायला नको. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या मशीनचा कपलर गंजून घट्ट होतो.

चौथं कारण आपणच. ब्रेकर किंवा ऑगर काढून उन्हात ठेवला की पाइपात अडकलेलं ऑइल तापून फुगतं. दुपारी जोडायला गेलं की कपलर बसत नाही, मग कोणीतरी हातोडी आणतं. हातोडीच्या दोन घावांनी आतला व्हॉल्व्ह वाकतो. त्या दिवशी काम होतं, पण पुढच्या आठवड्यात गळती सुरू होते. आणि कपलर अर्धवट बसला तर परतीचं ऑइल अडतं, मशीन तापते, आणि ऑगरच्या मोटारीचं सील उडतं.

*"थोडं गळतंय" म्हणजे किती?*

हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब, दिवसाला ८ तास काम. म्हणजे २८,८०० थेंब. ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला जवळजवळ एक लिटर ऑइल गेलं. २० दिवसांच्या कामात २० लिटरची पूर्ण बादली. ती बादली तुमच्याच कलमांच्या आळ्यात आणि खालच्या विहिरीच्या वाटेवर सांडलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे जिथून ऑइल बाहेर येतं, तिथूनच जोडताना-काढताना घाण आत जाते. बहुतेक लोडरमध्ये पुढचं अवजार आणि चालण्याच्या मोटारी एकाच टाकीतलं ऑइल वापरतात. म्हणजे कपलरमधून गेलेली भुकटी थेट मुख्य पंपाचं आयुष्य खाते. पंपाच्या दुरुस्तीपुढे कपलरची जोडी किरकोळ आहे.

*हात लावून गळती शोधू नका*

हा मुद्दा घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी ऑइलची धार डोळ्याला दिसत नाही, पण ती कातडी फोडून आत घुसते. हातमोज्यालाही ती दाद देत नाही. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र ऑइल पसरत जातं आणि काही तासांत बोट किंवा हात गमावायची वेळ येऊ शकते.

असं झालं तर हळद लावून, पट्टी बांधून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलं आहे, ऑपरेशन लागू शकतं." रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं तर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली तर वेळ तिथेच जातो, म्हणून घरी एक तासही घालवू नका.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा लांब तुकडा जोडाजवळ धरा. त्यावर डाग उमटला की जागा कळते.

*एकच बाजू का बदलू नये?*

दुकानात गेलं की "फिमेलच गळतोय, तेवढाच द्या" म्हणायचा मोह होतो. पण खड्डे पडलेला जुना मेल नव्या फिमेलमध्ये घातला की तो हलत राहतो, आणि नव्या सीलचीही तीच गत होते. दोन महिन्यांनी परत तोच खर्च, आणि बहुधा ऐन कामात. जोडी नवी असली की दोन्ही भाग एकमेकांवर सारखे बसतात.

जोडी घेताना सपाट तोंडाचा, म्हणजे फ्लॅट फेस कपलर मागा. त्याचं तोंड फडक्याने पुसता येतं आणि काढताना ऑइल फारसं सांडत नाही. जुन्या पद्धतीच्या, आत टोक असलेल्या कपलरमध्ये भुकटी साठून राहते. सपाट तोंडाच्या कपलरसाठी आयएसओ १६०२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, दोन्ही भागांवर ते एकच असू द्या. ब्रेकर जास्त चालवणाऱ्यांनी आट्यांनी फिरवून बसणारा कपलर घ्यावा, तो हादरा जास्त सोसतो.

*बदलताना एवढं पाळा*

१. मशीन सपाट जागी, अवजार जमिनीवर टेकवलेलं, इंजिन बंद. ऑइल थंड होऊ द्या.

२. आधी पाइपातलं प्रेशर उतरवा. काही मशीनमध्ये इंजिन बंद, चावी चालू ठेवून अवजाराचं बटण दोन्हीकडे दाबावं लागतं. काहींमध्ये कपलर आत दाबून धरावा लागतो. आपल्या मशीनचं पुस्तक बघा, अंदाजाने करू नका.

३. जोडाची जागा ब्रशने आणि स्वच्छ फडक्याने पुसा. धूळ उडत असेल तिथे हे काम करू नका.

४. कुठला पाइप कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि रंगीत टेप लावा.

५. दोन पाने वापरा. एकाने पाइपाचा नट धरून ठेवा, दुसऱ्याने कपलर फिरवा. नाहीतर होज पिळला जातो.

६. जुना कपलर दुकानात सोबत न्या. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी, दोन्हींना इंचाला १४च आटे असतात. हाताने लावलं तर दोन-तीन आटे जातातही. पण आट्यांचा कोन वेगळा आहे, एक ५५ अंश आणि दुसरा ६० अंश. जबरदस्तीने आवळलं की आटे बिघडतात आणि प्रेशरखाली जोड सुटू शकतो.

७. ओ-रिंगने सील होणाऱ्या जोडाला टेफलॉन टेप लावू नका. टेपचा तुकडा तुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

८. जोडल्यावर इंजिन हळू चालवा, पुठ्ठ्याने गळती बघा, मग ऑइलची पातळी बघून भरा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं.

ज्यांना पाना धरायची सवय नाही त्यांनी मेकॅनिककडूनच करून घ्या. पण तो करत असताना जवळ उभे राहून हे आठ मुद्दे बघा.

*आता पैशाचा मुद्दा*

बऱ्याच अवजारे बँकांमध्ये अलिखित नियम चालतो: ज्याच्या बागेत असताना बिघडलं, त्याने भरायचं. हा नियम सोपा आहे, पण न्यायाचा नाही. कपलर एका दिवसात झिजत नाही. आधीच्या पंधरा जणांनी ब्रेकर चालवलेला असतो, आणि सोळाव्याच्या बागेत तो सुटतो. एकरभर कलमं असलेल्या सभासदाला हा खर्च जड जातो. मग पुढच्या वेळी तो गळती लपवतो, चिंधी बांधून मशीन परत करतो. लपवलेली गळती पुढच्या सभासदाच्या हाताशी येते, आणि तो हात कोणाचाही असू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: "सगळं कंपनीने भरलं तर मशीन कोणी जपणार नाही." बरोबर आहे, हातोडीचे घाव मारणारेही आपल्यातच आहेत. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे:

➡️ मशीन देताना आणि परत घेताना कपलरचा जवळून फोटो काढायचा, दोन्ही बाजूंच्या सहीने किंवा ग्रुपवर टाकून.
➡️ घावाची खूण, तुटलेलं टोपण, वाकलेलं तोंड असेल तर वापरणाऱ्याने भरायचं.
➡️ झीज, सैलपणा, सीलची गळती असेल तर बँकेने भरायचं. त्यासाठी ताशी भाड्यात ठरावीक रक्कम बाजूला काढायची.
➡️ दर वर्षी हंगामाच्या आधी, गळत असो वा नसो, सगळ्या कपलरची तपासणी. खाचेत खड्डे दिसले की जोडी बदलायची.
➡️ एक जोडी आणि सीलचा संच कायम शिल्लक. ऐन मे महिन्यात दुकानभर शोधत फिरायचं नाही.

याने भाडं थोडं वाढेल, हे मान्य. पण आज तो खर्च होतच नाही असं नाही. तो एका सभासदावर अचानक पडतो, एवढाच फरक. उत्पादक कंपनीत आपण नुसते भाडेकरू नाही, भागधारक आहोत. मशीन आपली आहे, तर तिची झीजही सगळ्यांची.

*या आठवड्यात करायचं काम*

तुमच्याकडे लोडर, ट्रॅक्टर किंवा डंपिंग ट्रॉली असेल तर इंजिन बंद असताना, प्रेशर उतरवून, कपलर हाताने हलवून बघा. खडखड हलत असेल तर जोडी बदला. टोपणं नसतील तर आजच आणा. आणि भाड्याने आलेली मशीन गळत असेल तर बिनधास्त परत पाठवा. खड्डे दोन दिवस उशिरा निघाले तरी चालतील.

खर्चाच्या प्रस्तावावर तुमचं मत, विरोधातलं असलं तरी, याच नंबरवर लिहून किंवा व्हॉइस मेसेजने पाठवा. पुढच्या सभासद बैठकीत सगळी मतं मांडली जातील.

आपला कृषी सल्ला विभाग