‘वाडीवर दिला’ म्हणजे नेमका कुठे दिला?

शहरात एखाद्या घरी कुत्रा नकोसा झाला की काही दिवसांनी एक वाक्य ऐकू येतं : ‘त्याला वाडीवर दिला. तिकडे मोकळं रान आहे, मजेत असतो.’ ऐकणारा मान डोलावतो, सांगणाऱ्याला हलकं वाटतं आणि विषय चहाकडे वळतो. पुढे त्या कुत्र्याचं नाव फारसं कुणी काढत नाही.

मी त्या ‘तिकडे’ राहतो. अच्छाड हे तलासरी तालुक्यातलं, अगदी हद्दीवरचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गेलात तर इथे महाराष्ट्र संपतो आणि भिलाडच्या बाजूने गुजरात सुरू होतो. गोदामं, कारखाने, ढाबे, ट्रकांच्या रांगा आणि आत वळलं की वारली पाडे. पश्चिमेला डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या. माझं पशुखाद्याचं आणि जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. त्यामुळे शहरातून इकडे ‘दिलेला’ कुत्रा पुढे काय खातो, कोण खायला घालतं आणि ते कधी बंद होतं, हे मला उधारीच्या वहीत दिसतं.

एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. कुत्रा देणारा माणूस ब्रीडर असो की रेस्क्यू ग्रुप, विकत देणारा असो की फुकट, त्याची परीक्षा त्याने किती कुत्रे दिले यावर करू नये. दिलेला कुत्रा परत आला तर तो दार उघडतो का, यावर करावी. दार उघडत नसेल तर दोघांत फरक फक्त पैशाचा उरतो.

आधी ब्रीडरांबद्दल बोलतो, कारण तिथे फार गुंतागुंत नाही. कापडाच्या जुन्या दुकानात पाटी असायची : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आमच्याकडचा कुत्र्यांचा धंदा या पाटीवर चालतो, फक्त पाटी लावलेली नसते. ‘घरचं लिटर आहे’ म्हणून जाहिरात येते. पेपरवाल्या पिल्लाचा भाव वेगळा, बिनपेपरवाल्याचा वेगळा. गिऱ्हाईक सुरतचं आणि पिल्लू वसई-विरारकडचं असलं की सोयीची जागा म्हणून महामार्गावरचं एखादं हॉटेल ठरतं. फळांच्या खोक्यातून पिल्लू या गाडीतून त्या गाडीत जातं. आई कुठे आहे, कशी आहे, कुणी विचारत नाही. इंग्लंडने २०२० साली ‘लूसीज लॉ’ या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू केला. त्यानुसार सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या दलालाकडून घेता येत नाही. ते ब्रीडरकडूनच, आईसोबत पाहून घ्यावं लागतं किंवा संस्थेतून दत्तक घ्यावं लागतं. या कायद्याला लूसी हे नाव अशाच एका पिल्लांसाठी वापरून टाकलेल्या मादीवरून मिळालं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. २०१७च्या मे महिन्यात केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. त्याच सुमारास गुरांच्या बाजारांचेही नियम निघाले आणि सगळा देश त्यावर भांडत बसला, कुत्र्यांचे नियम कुणी उघडून पाहिले नाहीत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत आणि आठ वर्षांनंतर थांबायचं. माझ्या गल्ल्याशी उभे राहून ‘पाच आठवड्यांचं आहे, काय घालू?’ असं विचारणारे लोक दर महिन्याला येतात.

त्या आठ वर्षांपाशी थोडं थांबू या. समजा, एखाद्याने हा नियम तंतोतंत पाळला. लॅब्राडोर मादी आठव्या वर्षी थांबली. ती सहज अकरा-बारा वर्षं जगते. मधली तीन-चार वर्षं ती कुठे असते? चांगला ब्रीडर तिला स्वतःकडे ठेवतो किंवा शस्त्रक्रिया करून, माणूस पारखून, ओळखीच्या घरी देतो. असे ब्रीडर आहेत, मी दोघांना ओळखतो, आणि त्यांच्याकडे वर्षातून एखादंच लिटर असतं. बाकीच्यांकडची म्हातारी मादी ‘फ्री टू गुड होम’ होते, म्हणजे वाडीवर येते. थानं लोंबलेली, दात झिजलेले, कातडीला खाज. आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेली असल्यामुळे तिला मोकळं रान म्हणजे काय हेच माहीत नसतं. ती गेटपाशी बसून राहते.

एखादी वाडीही न शोधता सरळ महामार्गावर सोडली तर? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराचे भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा दंड वाढवणारा मसुदा केंद्राने २०२२मध्ये सूचनांसाठी ठेवला होता, तो मसुदाच राहिला. मुंबईहून अच्छाडला येताना खानिवडे आणि चारोटी असे दोन टोलनाके लागतात. कुत्रा टाकायच्या दंडापेक्षा तो टाकायला येण्याचा टोल जास्त आहे.

आता रेस्क्यू ग्रुप. इथे मला जपून बोलायला हवं, कारण ही माणसं पगार घेत नाहीत, रात्री दोन वाजता गटारातून पिल्लू काढतात, स्वतःच्या पैशाने पार्व्होचं सलाईन लावतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आदर आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे मला मान्य नाही. त्यांच्या पानांवर दर आठवड्याला आकडा येतो : या महिन्यात इतके अडॉप्शन. गळ्यात हार, नव्या मालकाच्या मांडीवर कुत्रा, फोटो. त्यातले किती परत आले, किती हरवले, किती मेले हा आकडा कुठल्याच पानावर मी पाहिलेला नाही. आमच्याकडचा पोल्ट्रीवालासुद्धा मरतूक लिहून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मुंबईच्या एका ग्रुपने (नाव घेत नाही) चार कुत्रे इथल्या एका वाडीवर दिले. मालक शनिवार-रविवार येणारे, सज्जन. फॉर्म भरला, आधार कार्ड जोडलं, फोटो निघाला. सोमवार ते शुक्रवार त्या कुत्र्यांना खायला घालणारे होते रखवालदार आणि त्याची बायको, जवळच्याच पाड्यावरचे. फॉर्मवर त्यांचं नाव नव्हतं. ‘तुम्हाला चार कुत्रे सांभाळायचे आहेत, चालेल का?’ हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला मालकांकडून दरमहा खाद्याची गोणी यायची. मग एक महिना आड. मग रखवालदार माझ्याकडून कणी उधार न्यायला लागला. दीड वर्षाने वाडी विकली गेली. नव्या मालकांना कुत्रे नको होते. मी स्वतः ग्रुपला फोन केला. उत्तर मिळालं, ‘सर, अडॉप्शन झालंय ना, फॉर्मप्रमाणे जबाबदारी अडॉप्टरची.’ अडॉप्टर तोवर पुण्याला गेले होते.

एक कुत्रा महामार्गावर गेला. दोन ढाब्यावर गेले, त्यातल्या एकाने ट्रकच्या क्लीनरला चावा घेतला. चौथी, लंगडी कुत्री, रखवालदाराने आपल्या पाड्यावर नेली. ‘काय करनार शेठ, ती मागंच येते.’ ज्याची कुठेच सही नव्हती, त्या एकट्याने ती परत घेतली.

हे दुर्मीळ प्रकरण आहे, असं म्हणून हात झटकता येणार नाही, कारण या व्यवहाराची रचनाच अशी आहे. २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की रस्त्यावरचा कुत्रा उचलला, नसबंदी केली, लस दिली की जिथून उचलला तिथेच सोडायचा. दुसऱ्या गावात नेऊन सोडता येत नाही. पण त्याच कुत्र्यासाठी दत्तकाचा फॉर्म भरला की तो पाळीव होतो आणि कुठेही नेता येतो. सोसायटीत कुत्र्यावरून भांडण पेटलं, सेक्रेटरी मागे लागला, की तलासरी-डहाणूकडचा एखादा ‘अडॉप्टर’ सापडतो. दत्तक हा तबादल्याचा सभ्य शब्द झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबत २२ ऑगस्ट २०२५ला जो सुधारित आदेश दिला, त्यात दत्तक घ्यायला मुभा दिली आणि सोबत एक अट घातली : घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. अट योग्यच आहे. पण घेणाऱ्याला पॅरालिसिस झाला, नोकरी गेली, घटस्फोट झाला, वाडी विकली, तर त्याने कुत्रा कुणाकडे न्यायचा? देणाऱ्याच्या दाराला कुलूप असेल तर रस्ताच उरतो.

इथल्या माणसांचं काय होतं, हेही शहरातल्या प्राणिमित्रांनी ऐकावं. पाड्यावर कुत्रे असतातच. ते पेजेवर, उरल्यासुरल्यावर वाढतात, कोंबड्यांमध्ये झोपतात, कुणाच्या अंगावर जायचं हे त्यांना कळतं. शहरातून आलेल्या कुत्र्याने आयुष्यात कोंबडी पाहिलेली नसते. पहिल्या आठवड्यात तो दोन मारतो आणि भरपाई रखवालदाराच्या पगारातून कापली जाते. पोराला चावला तर तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन फुकट मिळतं, पण ते पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायचं असतं, म्हणजे आईच्या चार दिवसांच्या मजुरीवर पाणी. जखम खोल असली आणि सिरम लागलं तर सिलवासा नाहीतर वलसाड. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुणाच्या तरी फ्लॅटमधली अडचण सुटावी म्हणून हा धोका पाड्यावर का पाठवायचा, याचं उत्तर मला आजवर एकाही फॉर्मवर सापडलेलं नाही.

मुळात ‘दत्तक’ हा शब्दच आपण चुकीच्या जागी आणला. माणसाच्या पोराचं दत्तकविधान कायद्याने सहजासहजी रद्द होत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र दिल्यानंतर परतीची वाट बंद करणं हाच घोटाळा आहे. त्यापेक्षा आपल्याकडे एक जुना, चांगला शब्द आहे : माहेर. लेक दिली म्हणजे विषय संपला असं मानणारी घरं आपण पाहिली आहेत, आणि त्यातून काय काय झालं तेही. ज्या घराने ‘काहीही झालं तरी ये, कारण विचारणार नाही’ असं सांगून ठेवलं, तिथल्या लेकीची सासरी पतही वेगळी राहिली. कुत्र्याला असं माहेर लागतं. परदेशातल्या चांगल्या ब्रीडरांच्या करारात ही अट पहिल्या पानावर असते : तुला ठेवता आला नाही तर तिसऱ्याला देऊ नकोस, विकू नकोस, माझ्याकडे आण, दहा वर्षांनीही आण.

यावर ग्रुपवाले म्हणतात, ‘आमच्याकडे जागाच नाही, परत कुठे ठेवणार? आधीच चाळीस आहेत.’ अडचण खरी आहे. पण मग चाळिसापाशीच थांबायला हवं. परत येणाऱ्यांसाठी पाच जागा रिकाम्या ठेवून उरलेल्या पस्तिसांचंच काम करा. डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. कासव बरं झालं की समुद्रात सोडतात आणि तिथे माणसाचं काम संपतं, कारण कासवाला समुद्र आहे. कुत्र्याला असा समुद्र नाही, त्याला माणूसच लागतो. ‘निदान वाचला तरी’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. कशापासून वाचला आणि कशात पडला, हे दोन्ही सांगितलं तरच त्याला अर्थ आहे.

ब्रीडर म्हणतात, परत घेण्याची अट घातली तर धंदा बसेल. ज्याचा धंदा एवढ्याने बसतो, त्याचा बसू दे. ज्याला वर्षाला तीस पिल्लं विकायची आहेत, त्याला त्यातली चार परत येणार हे धरून जागा, डॉक्टर आणि पैसा बाजूला काढता आला पाहिजे. २०२४च्या मार्चमध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुलसारख्या तेवीस जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण दरम्यान घाबरलेल्या मालकांचे फोन माझ्यापर्यंत आले : ‘तुमच्याकडे कुणी वाडीवाला आहे का?’ त्यातल्या प्रत्येकाला मी विचारलं, ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला का? बहुतेकांकडे नंबरच नव्हता. एकाकडे होता, तो लागत नव्हता.

तेव्हा वाडीवर कुत्रा द्यायला निघालेल्यांना माझं सरळ सांगणं आहे. फॉर्मवर मालकाच्या नावाखाली आणखी एक ओळ छापा : सोमवार ते शुक्रवार खायला कोण घालणार, त्याचं नाव, त्याचा फोन, त्याची संमती आणि त्याला त्याचे वेगळे किती पैसे मिळणार. गाडी सुटण्याआधी त्या नंबरवर फोन लावा. मालकाच्या फोनवर नव्हे, त्याच्या. आठवड्याने पुन्हा लावा, पावसाळ्यात लावा, कारण पावसाळ्यात मालक येत नाहीत. नसबंदी आधी करून द्या, ‘वय झालं की करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर कुत्रा गाडीतून उतरवूच नका. आणि तुमच्या पानावर दत्तकाच्या आकड्याशेजारी परत घेतलेल्यांचा आकडा टाका. तो शून्य असेल तर मला शंका येईल.

ती लंगडी कुत्री अजून पाड्यावर आहे. ग्रुपच्या पानावर तिचा हार घातलेला फोटोही आहे, खाली लिहिलंय, ‘फॉरएव्हर होम’. रखवालदार आता अच्छाडच्या एका गोदामावर कामाला जातो आणि महिन्याला दोन किलो कणी जास्त नेतो, रोखीने.