फॉलोअर किती, गिऱ्हाईक किती?

हल्ली हळदीकुंकवाला गेलं की वाणाच्या आधी प्रश्न येतो, "ताई, तुमचे फॉलोअर किती?" जसं काही घरात सोनं किती तोळे तेच विचारताहेत! विचारणाऱ्या कॉलेजातल्या पोरी नसतात बरं का, आपल्याच वयाच्या असतात.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉक बंद झालं, पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले आणि ओट्यावरचा मोबाईल डब्याला टेकून उभा राहिला. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींना त्यांच्या नातवाने यूट्यूबवर आणलं आणि लाखो लोकांनी त्यांचा स्वयंपाक पाहिला. मग आपल्या पवनीच्या बाईने का स्वप्न बघू नये?

मी बचत गटांचं काम करते. आमच्या गटातली एक जण सरगुंडे, मुंगवड्या, तिखट यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते. तिला एकदा फोन आला, पाचशे रुपयांत पाच हजार फॉलोअर! ती मला म्हणाली, "दुकानात गर्दी दिसली की गिऱ्हाईक येते, तसंच ना हे?"

तसं नाही मैत्रिणींनो. विकत मिळणारी बहुतेक खाती म्हणजे नुसती नावं, त्यामागे घेणारं माणूसच नाही. आपला फोटो आपल्या लोकांनी पाहिला, त्यावर काही लिहिलं, एकमेकींना पाठवला, तर इन्स्टाग्राम तो पुढे आणखी लोकांना दाखवतं. पाच हजार पुतळ्यांपुढे मुंगवड्या मांडून काय होणार? २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने बनावट खातं निघालं. त्यांच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा खोटे फॉलोअर विकण्याचा मोठा धंदाच उघडकीला आला होता.

आमच्या या ताईने त्या पैशांची मूगडाळ आणली. आज तिचे फॉलोअर तीनशेही नाहीत. पण त्यात अर्ध्याअधिक पवनीच्या लेकी आहेत, नागपूर-पुण्याला नांदणाऱ्या. माहेरची चव त्यांना बरोबर कळते. भाव, वजन आणि गावाचं नाव ती फोटोखालीच लिहिते, म्हणजे दहा वेळा विचारावं लागत नाही. दिवाळीत तिला हात पुरले नाहीत, शेजारणीला मदतीला घ्यावं लागलं. मी तरी यालाच वाढ म्हणते.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपला फोटो गाजावा म्हणून दुसऱ्याची वाट अडवायची! ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींनी कोंडून धरले. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. चालक आणि गाईडवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाडीत बसून मोबाईल उंचावणारे मात्र आपापल्या घरी गेले. पाच लेकरांची आई होती हो ती!

आणि वाघिणीसाठी निदान कोर्ट तरी उभं राहिलं. वैजेश्वर घाटावर पर्वणीला वैनगंगेत आंघोळ करणाऱ्या बाया रीलच्या मागच्या बाजूला ओल्या लुगड्यात दिसतात, त्यांना कोणी विचारतं का? कित्येकींना तर आपण कुणाच्या मोबाईलमध्ये गेलो हे ठाऊकही नसतं. तसं दिसलं की मी सरळ जाऊन सांगते, "बाई, ती मागची काकू काढ त्यातून." काही जणी लगेच काढतात. काही जणी तोंड फिरवतात. एकीने तर मलाच विचारलं, "तुम्ही कोण?"

येत्या महाशिवरात्रीला आम्ही गटातल्या चौघी जणी पहाटेपासून घाटावर थांबणार आहोत. आणखी कुणाला यायचं असेल तर या.